घर क्रमांक चार

“सत्येऽऽ, रिनेऽऽ, इसऱ्याऽऽ... घरात व्हा रे पोट्टेहो, खान बोलाची हाय!”

हा आवाज रंभाबाईचा. माजरीच्या कोळसाखाणीच्या चाळीत, दुपारी सुरुंगाचा भोंगा व्हायच्या आधी तो निघायचा आणि चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या लुगड्यासारखा पसरायचा. पोरं नळावर असोत, चिंचेवर असोत, कोणाच्या न्हाणीमागे बिडीचं थोटुक शोधत असोत, त्या लुगड्याचा काठ सगळ्यांना लागायचाच. मग रंभाबाई एकेकाच्या डोक्यावर टपली मारून मोजायची. तिची मोजदाद कधी जुळली नाही. तेरा पोरांचे चौदा व्हायचे, सगळी आळी चौदावं पोर शोधायला धावायची, आणि शेवटी कळायचं की एक टपली शेळीला बसली होती. पण कमी कधी भरले नाहीत. चाळीस वर्षं झाली. रंभाबाई गेली, चाळ गेली, चाळ ज्या जमिनीवर होती तीही खाणीने खाऊन टाकली. आणि आज वडशात, एका नाटक कंपनीच्या तालमीच्या हॉलमध्ये, सकाळी साडेअकरा वाजता, खुर्चीत सरळ बसलेल्या सत्यशीलाला तो आवाज इतका जवळून आला की तिने डोक्यावर हात धरला. कारण समोरच्या पडद्यावर तिचं स्वतःचं अक्षर उमटलं होतं. हत्तीएवढं.

पडदा नाटकाचाच होता. हंगाम संपलेला, कंपनी घरोघरी पांगलेली, हॉल स्वस्तात मिळाला, म्हणून संस्थेने प्रशिक्षण इथे ठेवलं. मूल धोक्यात आहे की नाही हे कसं ओळखायचं, याचं प्रशिक्षण. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडची बत्तीस माणसं: अंगणवाडीच्या बाया, पोलीस पाटील, गावसमितीचे सदस्य, संस्थेच्या कार्यकर्त्या. पडद्यावर रंगवलेला राजवाडा होता, दोन मोर होते, मध्ये कारंजं होतं, आणि प्रोजेक्टरने फेकलेला फॉर्म त्या सगळ्यावर पसरल्यामुळे ‘बालकाची स्वच्छता’ हा रकाना नेमका कारंज्यात पडला होता. वरती लिहिलं होतं: घर क्रमांक चार. नाव, गाव झाकलेलं. पण अक्षर कसं झाकणार? सत्यशीलाचा ‘र’ तिच्या बापासारखा, पोट पुढे काढून उभा राहतो. नागपूरहून आलेल्या हर्षा मॅडम हातातल्या लाल उजेडाच्या काडीने त्या ‘र’च्या पोटावर टिचकी मारत म्हणत होत्या, “बघा, ‘दारातून आत जाताच पेजेचा वास आला.’ किती जण असं लिहितात? आपण लिहितो, ‘घर बरे आहे.’ घर आधी नाकाला कळतं. पुढे बघा. ‘भिंतीला बोटांनी सारवलेलं, खालच्या बाजूला लहान बोटांचे ठसे.’ म्हणजे आई सारवताना मुलीनेही हात लावलाय, आणि आई रागावलेली नाही. एका वाक्यात आई, मुलगी, नातं, सगळं आलं. बावीस प्रश्न, अठ्ठ्याऐंशी गुणांचा धोका, आणि या घराला मिळालेत चार. त्यातले दोन तर गावाला रस्ता नाही म्हणून.” हॉलमध्ये कौतुकाचा आवाज उठला. “ताईंचं नाव मी सांगत नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि बत्तीसपैकी एकतीस माना सत्यशीलाकडे वळल्या. बत्तिसावी तिची स्वतःची होती. ती चपलेकडे पाहत होती.

सत्यशीला त्या घरात गेलेलीच नव्हती.

ही गोष्ट तिने तीन आठवडे पदराच्या गाठीत बांधल्यासारखी ठेवली होती. कधी कधी ती विसरायची सुद्धा. माणूस काय, दाढ किडलेली असली तरी दुसऱ्या बाजूने चावून जेवतोच. पण आता मॅडमनी पुढचं वाक्य म्हटलं आणि सगळा ठणका एकदम कपाळात गेला. “आज पाच वाजता, समारोपाला, हीच फाईल आपण सगळ्यांसमोर बंद करून दाखवू. संघपाल सर सही करतील, शिक्का मारतील. केस उघडायची कशी ते दोन दिवस शिकलो, बंद कशी करायची तेही शिकू.” संस्थेचे प्रमुख संघपालभाऊ पुढच्या रांगेत होते, त्यांनी खिशातून शिक्क्याची डबी काढून सगळ्यांना दाखवली, नाटकात राजा अंगठी दाखवतो तशी. बंद म्हणजे बंद. बंद झालेल्या घराकडे मग कोणी जात नाही. महिन्याची भेट नाही, फोन नाही, अंगणवाडीला विचारणं नाही. सात वर्षांची एक मुलगी, दोन वर्षांचा तिचा भाऊ. माय तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, बाप कोळशाच्या ट्रकवर. “पोट्टी तीन हप्त्यांपासून शाळेत नाई,” एवढाच अंगणवाडीतून आलेला निरोप. आणि त्या दोघांच्या आणि जगाच्या मध्ये आता फक्त सत्यशीलाचं सुंदर अक्षर होतं.

न जाण्याची कारणं तिच्याकडे होती. चांगली तीन कारणं. पहिलं कुत्र्याचं. राजुऱ्याच्या पुढे, फाट्यावरून दोन कोस आत, टोल्याच्या, म्हणजे तिथल्या लहानशा वस्तीच्या, अगदी शेवटी ते घर. आणि वाटेत आडवं पडलेलं एका कानाचं पांढरं कुत्रं. मनातल्या मनात ते कुत्रं रोज थोडं वाढत होतं. पहिल्या आठवड्यात ते गुरगुरलं, दुसऱ्या आठवड्यात अंगावर आलं, आता तर ते जवळजवळ बिबट होतं. खरं म्हणजे त्याने शेपूट हलवली होती. दुसरं कारण गाडीचं. बारा दहाची गाडी चुकली असती तर? तर अडीचची मिळाली असती, पण हा विचार कारणात बसत नव्हता. तिसरं चपलेचं. चपलेचा अंगठा तुटला, अनवाणी कशी जाणार? अंगठा तुटला हे अगदी खरं, पण तो तुटला परत येताना. कारणं चांगली होती, फक्त त्यांचा क्रम चुकला होता. आणि ती तिन्ही ओलांडून मन कुंपणापाशी आलं, बांबूच्या त्या फाटकाला हात लागला, की मन तिथूनच माघारी वळायचं. पुढचं ते पाहायलाच तयार नसायचं. तुटक्या चपलेने फरफटत परत बसस्टँडवर.

राजुऱ्याच्या बसस्टँडवर बसून तिने फॉर्म काढला तेव्हा तिची नियत वाईट नव्हती. तिला लिहायचं होतं, ‘भेट झाली नाही.’ पण फॉर्मात तसा रकानाच नव्हता. बावीस प्रश्न, प्रत्येकाला चार चौकोन, आणि अठ्ठ्याऐंशी चौकोनांत एकही असा नाही की ज्याच्यावर खूण केली तर अर्थ निघेल: गेली होती, पण गेली नाही. ऑफिसातून दोनदा फोन आला, आज शेवटची तारीख आहे, फोटो काढून पाठवा. चहावाल्याने कप ठेवला, बाजूला कोणीतरी आपल्या पोराला फुटाणे भरवत होतं. ‘घरात प्रवेश करताच काय जाणवले?’ पेन तिथे टेकलं आणि टेकलं तिथे शाईचा ठिपका वाढत गेला. ठिपक्यातून वास आला. पेजेचा. रंभाबाईच्या घरी सदा पेज असायची, आणि उंबऱ्यात पाय ठेवला की तो ऊन, गोडसर, थोडा करपलेला वास डोळ्यांना लागायचा. सत्यशीलाची आई खाणीवर टोपल्या वाहायची, बापाची पाळी कुठलीही. शाळेतून आली की ती रंभाबाईकडेच. सारवताना रंभाबाई तिला म्हणायची, “तू बी टाक वं चार बोटं, भिंतीले बी कळू दे का घरात पोट्टी हाय.” मग पेन चालू झालं. मुलीच्या वेण्या पक्क्या. दोन वर्षांचं पोरगं पाठुंगळीवर, नाक पुसलेलं. चुलीशी बसलेल्या बाईच्या तोंडात गाणं. बाई कोण हे फॉर्म विचारत नव्हता. सत्यशीलाला गाणंही आठवत होतं, पण त्यालाही रकाना नव्हता:

खानीच्या गं तोंडी, काय काय गेलं बाई
माह्या लेकराचं नाव, खानीले ठावं नाई

अशी तिने त्या दोन न पाहिलेल्या पोरांना रंभाबाई देऊन टाकली. आख्खी, चुलीसकट. सही करताना तिला आपण काही चांगलं केल्यासारखं वाटलं होतं, हे आता आठवून तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

“मॅडम, एक इचारू का?” एटापल्लीकडच्या एका गावच्या समितीतला लालसू उभा राहिला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, तोंडात सदा काहीतरी. सकाळपासून त्याचे प्रश्न चालू होते आणि प्रत्येक प्रश्नाला मॅडमच्या फॉर्मचा एक खिळा निघत होता. “इथी लिवलं हाय, लेकरू एकटं राह्यते का. आता मोहाचा टाइम हाय. माय पहाटेच मोह येचाले जाते. लेकराले झोळीत टाकते, झोळी झाडाले टांगते. माय तिकडे, लेकरू इकडे. एकटं म्हनाव का?”

“बाळाला आई दिसते का?”

“आई नाई दिसत. झाड दिसते.”

“आणि आईला बाळ?”

“तिले आयकू येते.”

मॅडमनी काडी कपाळाला लावली. “मग ‘अंशतः देखरेख’ लिहा.”

“लिवतो. आन् अस्वल?”

“अस्वल काय?”

“अस्वल बी मोह खाले येते जी. त्याले कोन्त्या खान्यात टाकू?”

हॉल फुटला. मागे कोणीतरी म्हणालं, “नातेवाईकाच्या खान्यात टाक बे!” मॅडमही हसल्या; त्यांचं एक बरं होतं, हसताना त्या तोंडावर हात ठेवत नसत. मग त्यांनी विचारलं, “पण लालसूभाऊ, अस्वल आलं तर होतं काय?”

“होते काय? माय वरडते. बाकीच्या बाया बी वरडतात. अस्वल पळते. लेकरू झोपूनच राह्यते.”

“मग हे लिहा,” मॅडम एकदम गंभीर झाल्या. “खान्यात नसलं तर कडेला लिहा. धोका काय आहे ते फॉर्म विचारतो. धोका आला की धावून कोण येतं, ते तुम्ही लिहायचं.” सगळ्यांनी वह्यांत लिहिलं. सत्यशीलानेही लिहिलं, आणि आपल्याच हाताकडे पाहिलं. हात चांगला वळणदार चालत होता. हा हात काहीही लिहील, तिला वाटलं. या हाताला काय, पुढ्यात कागद असला की झालं.

मग सरावासाठी प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या घराचा फॉर्म भरला. दहा मिनिटं हॉलमध्ये नुसता कूलरचा आवाज, आणि मधूनच कोणाचं तरी “अर्र बाप्पा.” बेरजा झाल्या तेव्हा बत्तीसपैकी एकोणतीस घरं पिवळी किंवा लाल, म्हणजे कमीजास्त धोक्याची, निघाली. सिंदेवाहीकडचा पोलीस पाटील दसरूभाऊ, सहा फुटी, मिशीवाला, वीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करणारा, कागद हातात घेऊन पोरासारखा उभा राहिला. “मॅडम, माह्यं घर लाल आलं. आता माह्यावर केस मीच कराची का?”

“कुठे गेले गुण?”

“हे ‘घरात मद्यपान होते का?’ आता घरात नाई होत, मॅडम. घराच्या मांगं होते.”

“आणि ‘मुलांसमोर आरडाओरडा’?”

“तालीम असते जी!”

सत्यशीलाने आपलं घर प्रामाणिकपणे भरलं. पिवळं. तिचा आयुष लहान असताना ती त्याला शेजारच्या गिरणीवाल्याकडे ठेवून ड्युटीवर जायची, तो संध्याकाळी पिठाने पांढरा होऊन भेटायचा, भुतासारखा हसत. एकवीस गुण. म्हणजे या हॉलमधलं एकही घर, पोलीस पाटलाचं नाही, तिचं नाही, कदाचित मॅडमचंही नाही, घर क्रमांक चारच्या जवळपास नव्हतं. एवढं हिरवं घर जगात कुठे असतं का, असं कोणाच्याच मनात कसं येत नाही? तिला वाटलं, कोणीतरी विचारावं. लालसूने विचारावं. तो माणूस अस्वल विचारतो, मग हे का नाही विचारत? पण लालसू पडद्यावरच्या तिच्या अक्षराकडे मान तिरपी करून भाविकासारखा पाहत होता.

जेवणाच्या सुट्टीत तिने ठरवलं. वरण-भात, वांगं-आलू, पंगत हॉलच्या पडवीत. संघपालभाऊ उभ्यानेच जेवत होते, एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन. वयाने तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. संस्था त्यांनी शून्यातून उभी केली, आणि बोलताना अजूनही त्यांच्या डोळ्यांत ते शून्य दिसायचं, परत येईल म्हणून घाबरलेलं.

“बाई! तुमचं नाव मी पुण्याले पाठवून राह्यलो,” तेच आधी बोलले. “मॅडम म्हनते का हा फॉर्म बाकीच्या जिल्ह्यांत बी नमुना म्हनून दाखवू. समजलं का? आपल्या संस्थेचा!”

“भाऊ, त्या फॉर्मात एक...”

“अक्षराचं टेन्शन नोका घेऊ. टाइप करून घेऊ.”

“अक्षर नाई, भाऊ. घर.”

“हो जी, घरच! घरच तं भारी लिवलं. माह्या बायकोले वाचून दाखवलं रात्री, ते म्हने, असं घर असते का.”

“तेच तं,” सत्यशीला म्हणाली. “असं घर...”

फोन वाजला. भाऊंनी ताट तिच्या हातात दिलं आणि “बोला सर, बोला” करत अंगणात गेले. ती दोन हातांत दोन ताटं घेऊन उभी राहिली. फोन वाजल्याचा तिला आनंद झाला होता. झटकन, चोरासारखा, पण आनंदच. तो तिने ओळखला आणि तिला तिथेच खाली बसावंसं वाटलं. दोन ताटं घेऊन बसता येत नाही म्हणून ती उभीच राहिली. शेजारच्या नळावर बुधरीबाई हात धूत होती, अंगणवाडीची मदतनीस, साठीची, लालसूच्याच बाजूची, हाडाने बारीक. ती म्हणाली, “दोन दोन ताटं खातं का वं बाई? खा, खा. चार मार्काचं घर पाह्यलं तुनं, भूक लागनच.”

दुपारी प्रात्यक्षिक होतं. मॅडमनी सांगितलं, छोटा प्रसंग करायचा, दोन मिनिटांचा. एकाने कार्यकर्ता व्हायचं, बाकीच्यांनी घर, आणि बघणाऱ्यांनी गुण द्यायचे. बिचाऱ्या मॅडम नागपूरच्या. वडशात, नाटकाच्या हॉलमध्ये, खऱ्या स्टेजसमोर, झाडीपट्टीतल्या बत्तीस माणसांना ‘छोटा प्रसंग करा’ म्हणणं म्हणजे म्हशींना तळं दाखवून ‘पाय तेवढे ओले करा’ म्हणणं. कोपऱ्यात पेटी सापडली. पेटीवर बसायला माणूस सापडला. दसरूभाऊ ‘दुर्लक्ष करणारा बाप’ झाला आणि विंगेतून आला तोच हसत; असं हसला की कूलर थांबल्यासारखा वाटला. मग त्याने स्वगत म्हटलं. मग मुलीच्या तोंडी गाणं आलं, जे कोणी लिहिलं नव्हतं. मग मेलेली आई स्वप्नात आली. पंचवीस मिनिटांनी पडदा पडला तेव्हा अंगणवाडीच्या सहा बाया पदराने डोळे पुसत होत्या आणि सगळ्यांनी मिळून त्या घराला अठ्ठ्याऐंशीपैकी ब्याण्णव गुण दिले होते.

“दसरूभाऊ,” मॅडम थकून म्हणाल्या, “खरा बाप असा हसत नाही हो.”

“हसल्याबिगर खलनायक लोकाइले समजतच नाई, मॅडम.”

“तीच तर सगळी पंचाईत आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि घड्याळ पाहिलं. “आता शेवटचा प्रसंग. चांगलं घर. घर क्रमांक चार. आणि कार्यकर्ती म्हणून, अर्थात, स्वतः ताई.”

टाळ्या. सत्यशीलाला कोणीतरी बगलेत हात घालून उठवलं. तिला वाटलं आपण चक्कर येऊन पडू, तर फार बरं होईल. पण तिला आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती, रंभाबाईची पेज पोटात होती ना. बुधरीबाई मुलगी झाली. तिच्या पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या घातल्या, कोणाच्या तरी ओळखपत्राच्या निळ्या फितीची फुलं बांधली, आणि ती साठ वर्षांची मुलगी लाजत, खी खी करत राजवाड्याच्या पडद्यामागे गेली. पडद्याला खरोखरच एक दार होतं, कापडाचंच, राण्यांच्या येण्याजाण्यासाठी. “तिथून आत जायचं,” मॅडम म्हणाल्या. “आत गेल्यावर काय दिसलं, कसं बोललात, जे त्या दिवशी केलंत तेच करा. अभिनय नको, ताई. फक्त तेच.” पाचला दहा मिनिटं होती. पुढच्या रांगेत संघपालभाऊंनी फाईल मांडीवर उघडून ठेवली होती, शिक्क्याची डबीही उघडली होती, आणि ते शिक्क्यावर हलकेच फुंकर मारत होते.

ती स्टेजच्या पायऱ्या चढली. लाकडी फळ्या होत्या, पण पायाला माती लागली. अकराचं ऊन. सगळा टोला मोहफुलं वेचायला गेलेला, अंगणाअंगणांत फुलं वाळत घातलेली, त्यांचा तो डोक्यात चढणारा वास, आणि माणूस कोणी नाही. पांढरं कुत्रं उठलं, शेपूट हलवत तिच्या पुढेपुढे चाललं, जणू तेच तिला घर दाखवत होतं. बांबूचं फाटक. तिने ते उघडलं होतं; आज तिला आठवलं, फाटक तिने उघडलं होतं आणि अंगणातही गेली होती. रोज मन जिथून माघारी वळायचं तिथून आज वळायला जागा नव्हती, मागे सगळा हॉल बसला होता. एक पाऊल. आणखी एक. कापडाच्या दारावर मोराची शेपटी रंगवलेली होती. तिने हात उचलला आणि हात दारापासून चार बोटांवर थांबला.

पडद्याआडून बुधरीबाईने आवाज दिला. हे कोणी तिला शिकवलं नव्हतं. दारात कोणी येऊन उभं राहिलं आणि आत येईना, तर घरातलं कोणीही विचारील तेच तिने विचारलं. पण तिने आवाज बारीक काढला, लहान पोरीचा.

“कोन हाय?”

पेटीवाल्याने सूर धरला होता, तो त्याने सोडला. सत्यशीला उभी. विंगेतून दसरूभाऊ कुजबुजला, वीस वर्षांची सवय, “म्हना बाई: मी हाय, ताई.” तो जरा मोठ्याने म्हणाला, “मी हाय, ताई!” मग पडद्याआडून पुन्हा, आता बुधरीबाईलाच काळजी वाटून, “कोन हाय वं?”

“भाऊ,” सत्यशीला वळून म्हणाली, “शिक्का नोका मारू. मी त्या घरात गेलीच नाई.”

मग टाळ्या. कडकडून टाळ्या. “वाऽ बाई!” दसरूभाऊने विंगेतून शिट्टी मारली. “काय एंट्री घेतली! काय जागा पकडली!” पेटीवाल्याने उत्साहाने एक करुण सूर दाबला. अंगणवाडीच्या बायांनी पदर पुन्हा काढले. संघपालभाऊ फोन वर धरून शूटिंग करत होते, चेहरा अभिमानाने फुललेला, मांडीवरची फाईल घसरत होती आणि ते कोपराने सावरत होते. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या दोघांनीच: मॅडमनी, त्यांची काडी खाली आली होती आणि लाल ठिपका त्यांच्याच चपलेवर पडला होता; आणि लालसूने. तो खुर्चीच्या कडेला आला होता, रानात काही वाजल्यावर माणूस बसतो तसा. सत्यशीलाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. टाळ्या घ्याव्यात, नमस्कार करावा, खाली उतरावं, एवढंच बाकी होतं. सगळं तयार होतं. उतरली असती तर पाच मिनिटांत शिक्का बसला असता, आणि बाहेर चहा होता.

“पेटी बंद करा,” ती म्हणाली.

पेटी बंद झाली.

“हे नाटक नाई, भाऊ. फोन खाली ठेवा. लिवलं ते सगळं मी बसस्टँडवर बसून लिवलं. पेज नाई, सारवन नाई, गाणं नाई. त्या पोट्टीच्या वेण्या मी पाह्यल्या नाई. पोट्टीच पाह्यली नाई.” तिचा आवाज तिला स्वतःला फार साधा वाटला, भाजीचा भाव सांगितल्यासारखा. संघपालभाऊंचा फोन खाली आला. पडदा हलला, कापडी दारातून बुधरीबाईने निळ्या फुलांसकट डोकं बाहेर काढलं आणि ती सत्यशीलाकडे बघत राहिली.

“घर बंद होतं का, ताई?” मॅडमनी विचारलं. हळू विचारलं. पळायला एक वाट दिली त्यांनी, चांगली, रुंद वाट. घर बंद होतं, भेट झाली नाही. असं कोणाचंही होतं.

सत्यशीलाने मान हलवली.

“दाराले कुलूप होतं, मॅडम. भाएरून. मी कडी वाजवली. अंदरून पोट्टी बोलली. मले म्हने, ‘कोन हाय?’ बारकं पोट्टं रडून राह्यलं होतं, त्याले ती चूप करे, आन् पुन्हा इचारे, ‘कोन हाय?’ मी म्हनलं, आता ‘मी हाय’ म्हनली तं कुलूप तोडा लागते, फोन लावा लागते, बाप येतवरी बसा लागते. मले समदं येत होतं, मॅडम. काय कराचं ते मले समदं येत होतं.” तिने पदर हातात घेतला आणि सोडून दिला.

“मी म्हनलं, ‘कोनी नाई.’

“ती म्हनली, ‘बरं.’”